जन्मतारीख, हाडांचे वय आणि फुटबॉलचा फॉरवर्ड



कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमजवळून जाणाऱ्याला आत गोल झाला की नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही. गर्जनेवरूनच ते कळते. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही संघांची नावे घ्या. प्रत्येक नावामागे ‘तालीम’ हा शब्द आहे. कुस्तीच्या तालमींतून इथला फुटबॉल उभा राहिला, आणि आजही पेठेपेठेतली दहा-बारा वर्षांची पोरे आपापल्या तालमीचा रंग अंगावर चढवून मैदानात उतरतात. त्यांतल्या बहुतेकांना फॉरवर्डच व्हायचे असते. गोलरक्षक होण्याची हौस क्वचितच कोणाला असते!

या पोरांपैकी एक जण फार पुढे गेला. २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. फिफाच्या विश्वचषकात भारताचा संघ प्रथमच खेळत होता, आणि त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा फॉरवर्ड होता. लहान वयात तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तेथून भारताच्या कुमार संघात आला. विश्वचषकानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘इंडियन ॲरोज’ या संघाकडून आय-लीगच्या पहिल्याच सामन्यात त्याने चेन्नई सिटीविरुद्ध दोन गोल केले. पुढे जमशेदपूर, हैदराबाद अशा व्यावसायिक संघांतून तो इंडियन सुपर लीग खेळला. २०२१-२२ च्या हंगामात ती लीग हैदराबादने जिंकली.

असे उदाहरण समोर आले की आपण म्हणतो, “उपजतच होते त्याच्या पायात.” असेलही. पण माझ्या मनात एक वेगळाच प्रश्न येतो. अनिकेतच्या वयाची शेकडो पोरे त्याच गावात खेळत होती. बारा-तेराव्या वर्षी निवड चाचणीसाठी ती रांगेत उभी राहतात, तेव्हा निवड करणाऱ्याच्या डोळ्यांना नेमके काय दिसते? पायातले कौशल्य दिसते, की वाढलेले शरीर दिसते? हा प्रश्न खेळाचा वाटतो, परंतु त्याचे बरेचसे उत्तर पदार्थविज्ञानात आणि शरीरशास्त्रात आहे.

समजा, रांगेत दोन मुले उभी आहेत. एकाचे नाव दिगू, दुसऱ्याचे बाळू. दिगूचा जन्म ३ जानेवारीचा, बाळूचा त्याच वर्षीच्या २० डिसेंबरचा. बहुतेक स्पर्धांमध्ये वयोगट ठरवताना १ जानेवारी ही तारीख धरतात, म्हणून दोघेही १४ वर्षांखालील गटात एकत्र आले. कागदोपत्री दोघे एकाच वर्षीचे असले तरी प्रत्यक्षात त्यांच्या वयात जवळजवळ वर्षाचे अंतर आहे. चाळिशीच्या माणसाला एका वर्षाचे काही वाटत नाही, पण तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा तेरावा भाग! त्यातून दिगू लवकर वाढीला लागलेला आहे आणि बाळू उशिरा लागणार आहे. दिगूची उंची १६० सेंटिमीटर, बाळूची १४०. असे दोघे तुमच्याही वर्गात सहज सापडतील.

आता थोडी आकडेमोड करू. दोघांची अंगकाठी सारख्याच घडणीची आहे, फक्त दिगू सर्व बाजूंनी मोठा आहे, असे धरा. उंचीचे गुणोत्तर १६० : १४०, म्हणजे सुमारे १.१४. फरक फार वाटत नाही. पण शरीराचे वजन घनफळावर, म्हणजे लांबीच्या घनावर अवलंबून असते. १.१४ चा घन होतो साधारण १.४९. म्हणजे बाळूचे वजन ३५ किलोग्रॅम असेल तर दिगूचे ५२ भरेल. उंचीत सातवा हिस्सा जास्त, वजनात मात्र निम्म्याने जास्त!

दोघे एकाच चेंडूवर समोरासमोरून सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत आले आणि एकमेकांवर आदळले, तर काय होईल? संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम तुम्ही नववी-दहावीत शिकता, तो इथे लावा. दिगूचा संवेग ५२ × ५ = २६०, बाळूचा उलट दिशेने ३५ × ५ = १७५. फरक उरला ८५. दोघे क्षणभर एकमेकांना चिकटले असे धरले तर एकूण वस्तुमान ८७, म्हणून दोघेही दिगूच्या दिशेने सेकंदाला सुमारे १ मीटर वेगाने सरकतील. दिगूचा वेग ५ वरून १ वर आला, म्हणजे बदल ४ चा. बाळूचा वेग मात्र ५ वरून उलट दिशेला १ झाला, बदल ६ चा. धक्का दोघांवर सारख्याच बलाचा बसला, न्यूटनचा तिसरा नियम कोणालाही सवलत देत नाही. तरी मागे फेकला गेला तो बाळू. बाजूला उभे राहून वहीत टिपणे करणारे क्रीडाशिक्षक काय लिहितील? “दिगू : दमदार. बाळू : कच्चा.”

ही नोंद खोटी नाही. त्या दिवशी बाळू खरोखरच कमी पडला. प्रश्न एवढाच, की ही नोंद कौशल्याची झाली की घनफळाची?

हा घोटाळा ठळकपणे लक्षात आला तो मात्र फुटबॉलच्या मैदानावर नाही, तर कॅनडात, बर्फावर. आईस हॉकी हा तिकडचा लाडका खेळ. बर्फाच्या गुळगुळीत पृष्ठावर पायांत स्केट घालून खेळाडू धावतात आणि काठीने रबराची चपटी चकती गोलात ढकलतात. घर्षण नगण्य, वेग प्रचंड आणि अंगाला अंग भिडवणे नियमात बसणारे. तेव्हा वजनाला किती महत्त्व येत असेल याची कल्पना करा. १९८० नंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ पत्नीसह कुमार संघांचा सामना पाहायला गेले होते. खेळाडूंची माहिती छापलेली पुस्तिका चाळताना त्यांच्या पत्नीला एक गंमत दिसली. खेळाडूंच्या जन्मतारखांत जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हेच महिने पुन्हा पुन्हा येत होते. मग बार्न्सलींनी इतर संघांच्या याद्या गोळा केल्या. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने हीच गोष्ट आकड्यांनी दाखवली. वरच्या पातळीच्या कुमार संघांत साधारण ४० टक्के खेळाडू वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले आणि शेवटच्या तीन महिन्यांतले जेमतेम १० टक्के, असे चित्र दिसत होते. कॅनडात मुले काही जानेवारीतच जास्त जन्मत नाहीत! तेथील हॉकीच्या वयोगटांची तारीख १ जानेवारी होती, एवढेच त्याचे कारण. याला ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ म्हणतात. फुटबॉलच्या कुमार संघांतही तो अनेक देशांत आढळला आहे.

एका वर्षाचा फरक पुढे बुजून जायला हवा होता. तो बुजत का नाही? चक्रवाढ व्याजाचा हिशोब आठवा. नऊ-दहाव्या वर्षी थोडा थोराड असलेला मुलगा निवडला जातो. त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, चांगले मैदान मिळते, वर्षाला जास्त सामने मिळतात. पुढच्या वर्षी तो खरोखरच जास्त चांगला खेळतो, म्हणून पुन्हा निवडला जातो. मुद्दल होते काही महिन्यांच्या वयाचे, व्याज मात्र कौशल्याचे जमा होत गेले. न निवडलेल्या मुलाचे खातेच उघडले गेले नाही.

येथे एक कबुली देतो. मी आठवीत असताना आमच्या शाळेच्या चाचणीत आम्हांला उंचीप्रमाणे उभे केले होते. माझा जन्म नोव्हेंबरचा. रांगेचे शेवटचे टोक माझ्याकडे होते, आणि त्या हंगामात गोलामागे गेलेले चेंडू आणून देण्याचे काम माझ्या वाट्याला आले. अकरावीत मी एकदम वाढलो, पण तोवर फुटबॉलचे बूट धाकट्या भावाकडे गेले होते. मी मोठा फॉरवर्ड झालो असतो असे अजिबात म्हणत नाही. माझा डावा पाय आजही केवळ उभे राहण्यासाठीच आहे. पण त्या रांगेत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाच्या पायाला चेंडू चिकटून राहत असे, आणि तोही माझ्यासारखाच चेंडू आणून देत राहिला. त्याचे मात्र अजून वाईट वाटते.

आता जन्मतारखेपेक्षाही महत्त्वाच्या घड्याळाकडे वळू. हे घड्याळ आपल्या हाडांत असते. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिला वाढीची पट्टी म्हणू. या पट्टीत नव्या पेशी तयार होतात, त्यांचे हाड बनते आणि हाड लांब होते. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे ही वाढ आधी झपाट्याने होते, मग पट्टी हळूहळू हाडाने भरून येते आणि शेवटी बंद होते. मनगटाच्या क्ष-किरण चित्रात या पट्ट्या काळ्या फटीसारख्या दिसतात. त्या किती उघड्या आहेत आणि मनगटातील छोटी हाडे किती आकाराला आली आहेत, यावरून तज्ज्ञ ‘हाडांचे वय’ सांगतात. गंमत अशी की दाखल्यावर तेरा वर्षांच्या असलेल्या मुलांच्या हाडांचे वय चार-पाच वर्षांच्या पट्ट्यात पसरलेले असू शकते. कोणाची हाडे अकराची, कोणाची पंधराची, आणि ही सगळी मुले निरोगीच असतात!

या ज्ञानाचा उपयोग वयचोरी पकडण्यासाठी होतो. फिफाने २००९ साली नायजेरियात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून खेळाडूंच्या मनगटाचे चुंबकीय अनुस्पंदन चित्र, म्हणजे एमआरआय, घेण्यास सुरुवात केली. यात क्ष-किरण वापरावे लागत नाहीत. कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने मनगटाकडे येणारे जे हाड असते, त्याच्या टोकाची पट्टी पूर्ण मिटलेली दिसली तर खेळाडू सतरापेक्षा मोठा असण्याचा संभव फारच जास्त असतो. सतराच्या आतल्या मुलांत ती पूर्ण मिटलेली आढळण्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे. मात्र ही चाळणी फक्त मोठ्यांना बाहेर काढते. लहानखुऱ्या बाळूला ती आत घेत नाही.

उंची वाढण्याचा वेग मुलांत सरासरी तेरा-चौदाव्या वर्षी सर्वांत जास्त असतो, वर्षाला सुमारे ८ ते १० सेंटिमीटर. मुलींत हाच काळ सुमारे दोन वर्षे आधी येतो. म्हणूनच सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. या काळात सगळे अवयव एकदम वाढत नाहीत. आधी पावले वाढतात (जूनमध्ये घेतलेला बूट दिवाळीला चावतो, हे पालकांना ठाऊकच आहे), मग पाय लांब होतात, त्यानंतर धड वाढते, आणि स्नायूंची ताकद सर्वांत शेवटी, काही महिने मागून येते.

याचा चेंडू मारण्यावर काय परिणाम होतो पाहा. पाय हा खुब्याभोवती फिरणारा लंबक आहे. एखादी वस्तू फिरवायला ती किती विरोध करते, याच्या मापाला जडत्व परिबल म्हणतात. ते वस्तुमान आणि अंतराचा वर्ग यांवर अवलंबून असते. समजा एका वर्षात पायाची लांबी ७५ वरून ८० सेंटिमीटर झाली. पाय नुसता लांब झाला, जाड झाला नाही, असे धरले तर वस्तुमान लांबीच्या प्रमाणात वाढेल आणि जडत्व परिबल लांबीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे २१ टक्क्यांनी वाढेल. पाय त्याच प्रमाणात जाडही झाला तर लांबीच्या पाचव्या घाताप्रमाणे, म्हणजे सुमारे ३८ टक्क्यांनी. पायाची लांबी वाढली फक्त पाच सेंटिमीटर, पण तो फिरवणे २१ ते ३८ टक्क्यांनी जड झाले, आणि जादा ताकद तर अजून आलेलीच नाही! पाच वर्षे सराव करून मेंदूने जो पाय ओळखीचा केला होता, तो आता दुसराच पाय आहे. चेंडूवर पाय उशिरा पोहोचतो, वळताना तोल जातो, सोपा गोल हुकतो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, पोरगा बिघडला, सरावात लक्ष राहिले नाही. घरी बोलणी बसतात, संघातून नाव जाते. क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे : अशा मुलाला काढण्यापूर्वी त्याची गेल्या सहा महिन्यांतली उंची विचारा. याच काळात गुडघ्याखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखणेही सुरू होते. गुडघ्यावरचा मोठा स्नायू तेथील कोवळ्या हाडाला ओढत असतो. अशा दुखण्याला सरावाचा ताण कमी करणे आणि डॉक्टरांना दाखवणे हाच मार्ग. “चोळून घे आणि पळ” हा नव्हे.

मोठ्या अंगाचा मुलगा चेंडूही खूप जोरात मारत असेल, असे तुम्हांला वाटेल. इथे पदार्थविज्ञान एक सुखद धक्का देते. स्नायूंचे बल त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. ते बल जेवढ्या अंतरातून काम करते ते अंतर लांबीच्या प्रमाणात. म्हणून एका फटक्यात होणारे कार्य लांबीच्या घनाप्रमाणे वाढते. पण हलवायचे वस्तुमानही लांबीच्या घनाप्रमाणेच वाढलेले असते! तेव्हा पावलाचा वेग दोघांचा सारखाच यावा. स्नायूंवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळवणारे ए. व्ही. हिल यांनी १९५० साली प्राण्यांबाबत असाच युक्तिवाद मांडला होता. शर्यतीचा घोडा आणि शिकारी कुत्रा यांच्या वजनात एवढा फरक, तरी धावण्याच्या वेगात तेवढा नाही, हे त्यावरून समजते.

आता पाऊल चेंडूवर आदळले. पावलाचा वेग सेकंदाला १५ मीटर, चेंडू ०.४३ किलोग्रॅमचा, आणि उसळण्याचा गुणांक ०.५ धरा. फटक्यात भाग घेणारे पायाचे वस्तुमान बाळूचे १.२ किलोग्रॅम आणि दिगूचे त्याच्या दीडपट, १.८ किलोग्रॅम, असे हिशोबापुरते मानू. सूत्र असे :

चेंडूचा वेग = पावलाचा वेग × १.५ × पायाचे वस्तुमान ÷ (पायाचे वस्तुमान + चेंडूचे वस्तुमान)

बाळूचा चेंडू सेकंदाला १६.६ मीटर वेगाने जाईल, दिगूचा १८.२ मीटर. पाय दीडपट जड, पण चेंडूला मिळालेला जादा वेग फक्त १० टक्के! प्रत्यक्षात वयात आलेल्या दिगूचे स्नायू नुसते मोठे नसतात, जास्त भरलेलेही असतात, म्हणून फरक याहून थोडा जास्त पडेल. तरीही मुद्दा तोच राहतो. धक्काबुक्कीत शरीराचा फायदा भरपूर आहे, चेंडू मारण्यात तो बराच कमी आहे, आणि चेंडू कोठे व केव्हा मारायचा हे ठरवण्यात तो मुळीच नाही. गोलासमोर फॉरवर्डला मिळणारा वेळ सेकंदाच्या अंशांत मोजायचा असतो. तेवढ्यात बचावपटूच्या कोणत्या पायावर भार आहे, गोलरक्षक पुढे आला आहे की नाही, हे ज्याला दिसते तो गोल करतो. माझ्या पाहण्यात लहानखुरी मुले हे लवकर शिकतात, कारण ढकलाढकली त्यांना परवडत नाही.

याला पुष्टी देणारा पुरावा पुन्हा आईस हॉकीतूनच मिळाला. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचे संघ दर वर्षी तरुण खेळाडूंची निवड करतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या निवडींचा अनेक वर्षांचा हिशोब तपासला गेला. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू निवडले गेले कमी, पण जे निवडले गेले, त्यांच्यापैकी दीर्घ काळ खेळणारे व भरपूर गुण मिळवणारे निघण्याचे प्रमाण पूर्वार्धातल्यांच्या सुमारे दुप्पट होते. म्हणजे निवड करणारे जाणकार, पगारी आणि अनुभवी असूनही उशिरा जन्मलेल्यांची किंमत कमी लावत होते.

फुटबॉलमधील दोन नावे तुमच्या ओळखीची असतील. इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा हॅरी केन जुलै अखेरीस जन्मला. तिकडे वयोगटाची तारीख १ सप्टेंबर, म्हणजे तो आपल्या गटातला जवळजवळ सर्वांत धाकटा. आर्सेनलने त्याला आठ-नऊ वर्षांचा असताना सोडून दिले होते. दुसरा जेमी वार्डी. त्याचा जन्म जानेवारीचा, म्हणजे गटाच्या मधोमध, पण अंगाने लहान म्हणून शेफील्ड वेन्सडेने त्याला सोळाव्या वर्षी काढले. कारखान्यात काम करत तो छोट्या संघांतून खेळत राहिला आणि २०१६ साली लेस्टरबरोबर इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकला. पहिल्याची जन्मतारीख आड आली, दुसऱ्याची हाडे. ही दोन घड्याळे वेगळी आहेत, हे ध्यानात ठेवा. आपला अनिकेतही जुलैतला. आणि त्या २०१७ च्या विश्वचषकात भारताचा एकमेव गोल ज्याने कोलंबियाविरुद्ध केला, तो मणिपूरचा जिक्सन सिंग जून २००१ चा. २००० सालच्या जानेवारीत जन्मलेली मुलेही त्या गटात बसत होती, म्हणजे तो त्यांच्याहून जवळजवळ दीड वर्षाने धाकटा. अर्थात चार नावांवरून नियम सिद्ध होत नाही. नियमासाठी वरच्यासारखे मोठे हिशोबच लागतात.

मग करायचे काय? कोल्हापूरकरांना याचे उत्तर फार पूर्वीपासून माहीत आहे, असे मला वाटते. कुस्तीच्या मैदानात वस्ताद ‘जोड’ लावतात. दोन पोरे समोर उभी करायची, त्यांचे खांदे, मांड्या, मान पाहायची, दम किती ते विचारायचे, आणि मगच हात मिळवायचा. जन्माचा दाखला कोणी मागत नाही. ३५ किलोच्या पोराची जोड ५२ किलोच्या पोराशी लावली तर प्रेक्षकच ओरडतील. तीच दोन पोरे संध्याकाळी फुटबॉलला गेली की एका चेंडूवर सोडली जातात आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही.

इंग्लंडमधील अकादम्यांनी २०१५ च्या सुमारास अशाच जोडी लावून पाहिल्या. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांचे गट वयाऐवजी वाढीवरून केले. प्रत्येक मुलाची पूर्ण वाढ झाल्यावरची उंची आधी अंदाजाने काढायची. मग आज तो तिच्या किती टक्क्यांवर पोहोचला आहे ते पाहायचे, आणि ८५ ते ९० टक्के झालेल्यांचा सामना आपसांत लावायचा. लवकर वाढलेल्या मुलांना या सामन्यांत प्रथमच डोके जास्त वापरावे लागले, असे त्यांनीच सांगितले. लहानखुऱ्यांना प्रथमच चेंडू पायात ठेवायला मिळाला. रोजच असे खेळावे असे कोणी म्हणत नाही. मोठ्यांशी झुंजण्यातूनही शिकायला मिळतेच. अधूनमधून मात्र जरूर खेळावे.

त्यांची पद्धत जरा गुंतागुंतीची आहे, पण एक सोपा अंदाज तुम्हीही काढू शकता. मुलग्यासाठी आई-वडिलांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करा, तीत १३ मिळवा आणि दोनाने भागा. मुलीसाठी १३ मिळवण्याऐवजी वजा करा. उत्तरात आठ-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतात. दिगू आणि बाळू दोघांचेही वडील १६८ आणि आई १५५ सेंटिमीटर आहेत असे समजा. अंदाज आला १६८. दिगू आज १६० म्हणजे ९५ टक्के. त्याचे फक्त ८ सेंटिमीटर उरले. बाळू १४० म्हणजे ८३ टक्के, त्याचे २८ सेंटिमीटर अजून यायचे आहेत. चाचणीच्या दिवशी वीस सेंटिमीटरचा जो फरक सर्वांच्या डोळ्यांत भरला होता, तो अठराव्या वर्षी मैदानावर नसेल. बाळू तोवर मैदानावर असेल की नाही, एवढाच प्रश्न.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. शाळेच्या १४ व १७ वर्षांखालील संघांच्या याद्या घ्या. जन्मतारखांचे तीन-तीन महिन्यांचे चार गट करा आणि प्रत्येक गटात किती खेळाडू येतात ते मोजा. नावे लिहू नका, फक्त महिना लिहा. तुलनेसाठी तुमच्या वर्गातील सर्व मुलामुलींचीही तशीच मोजणी करा. सोळा जणांच्या संघात प्रत्येक गटात सरासरीने चार यावेत. पण कोठे सहा आले, कोठे दोन आले, म्हणून लगेच टाळ्या पिटू नका. नाणे सोळा वेळा उडवले तर छापे आठच पडतात का? एवढा चढउतार नुसत्या योगायोगानेही होतो. पाच-सहा शाळांनी मिळून शंभरेक खेळाडूंची मोजणी केली आणि तेव्हाही पहिल्या गटात ३५-४० भरले, तर मात्र त्यात काहीतरी आहे असे समजा.

आणखी एक खबरदारी. जुन्या संघांच्या याद्या मिळाल्या तर त्यांत १ जून ही तारीख फार वेळा आढळेल. पूर्वी अनेक घरांत जन्माची नोंद नसे. मूल शाळेत घालायला नेले की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख अंदाजाने टाकून देत. माझ्या वडिलांचा, दोन्ही काकांचा आणि गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनलाच असतो. त्या तारखा मोजणीतून वगळा.